गाणं ऐकू येईना म्हणून गिटार बंद करू नका

प्रश्न लातूरच्या एका बँडमधल्या पोराचा आहे, थोडक्यात सांगतो. चौघं आहेत, एक गिटार, एक बेस, एक ड्रम आणि गाणारा, तोच दुसरी गिटार पण वाजवतो. खोलीत वाजवताना अंगावर काटा येतो म्हणे, पण रेकॉर्ड केलं की नुसता कल्ला. गाण्याचा आवाज वर घेतला तर मागचा बँड आजारी पडल्यासारखा वाटतो, गिटारचं डिस्टॉर्शन (आवाज मुद्दाम फाडून खरखरीत करतात ते) कमी केलं तर गाण्यातला जीवच जातो. कुणीतरी त्याला मिशन ऑफ बर्मा ह्या बँडचा 'व्हर्सेस' अल्बम ऐक म्हणलं, त्यानं मोबाईलवर दोनदा ऐकला, डोकं दुखलं, सूर काही सापडला नाही, आणि तिसऱ्या दिवशी गाडीवर औशाला जाताना त्यातलीच चाल तोंडात आली. आता तो विचारायलाय की हे झालं कसं आणि आमच्या गाण्यात असं का होत नाही. सोबत त्यांनी त्यांच्या गाण्याची फाईल पण पाठवली.

मी संभाजीनगरात छोटा स्टुडिओ चालवतो, त्याच्या आधी परभणीला मंडपवाल्याकडं साउंडवर होतो, सगळं मिळून बावीस वर्षं झाली. लग्नाचे ऑर्केस्ट्रा, कव्वाली, कीर्तन, गोंधळ, शाळेचं गॅदरिंग, सगळं केलंय. रॉक बँड त्या मानानं कमी आले पण जे आले ते बहुतेक हाच प्रॉब्लेम घेऊन आले, म्हणून जरा सविस्तर लिहितो, टाइम काढून वाच.

आधी डोकेदुखीचं. तुझ्यात काही कमी नाही आणि अल्बममधे पण नाही, चूक मोबाईलची आहे. मोबाईलच्या स्पीकरमधे दोन-तीनशे हर्ट्झच्या (आकडा जितका कमी तितका सूर खालचा) खाली जवळपास काही निघतच नाही, आणि बेस गिटारची सगळ्यात जाड तार ४१ हर्ट्झला वाजते. म्हणजे बेसचा पाया गेला, राहिली वरची नुसती गिटारची खरखर आणि सिम्बलची छनछन. आणि ह्या बँडमधे चाल बऱ्याच वेळा बेसकडं असते! तू दोन दिवस ज्याच्या हातात चाल आहे त्यालाच खोलीच्या बाहेर ठेवून गाणं ऐकत होता. तरी तिसऱ्या दिवशी चाल तोंडात आली कारण आपला कान लबाड आहे, खालचा सूर नसला तरी त्याच्या वरच्या पट्टीतले अंश ऐकून तो खालचा सूर मनानंच भरून काढतो, म्हणून तर छोट्या रेडिओवर पण आपल्याला गाणं कळतं. आता तोच अल्बम बऱ्या हेडफोनवर ऐक, आवाज निम्मा ठेव, आणि पहिल्या वेळी गिटारकडं लक्षच देऊ नको, बेसच्या मागं मागं चाल.

बँडविषयी दोन शब्द, कारण त्याच्यातच तुझं उत्तर आहे. बॉस्टनचा बँड, १९७९ ला जमला. रॉजर मिलर गिटारवर (त्याच नावाचा एक जुना कंट्री गायक पण होता, तो वेगळा, सर्च करताना घोळ होतो), क्लिंट कॉन्ली बेसवर, पीटर प्रेस्कॉट ड्रमवर, आणि तिघंही गायचे. चौथा मार्टिन स्वोप, हा स्टेजवर यायचाच नाही, त्याच्याविषयी पुढं सांगतो कारण माझ्यासारख्या माणसाचा खरा हिरो तो आहे. १९८१ ला सहा गाण्यांचा ईपी, म्हणजे छोटा अल्बम, आला 'सिग्नल्स, कॉल्स अँड मार्चेस', आणि १९८२ ला 'व्हर्सेस', बारा गाणी. दोन्ही बॉस्टनच्याच एस ऑफ हार्ट्स नावाच्या छोट्या लेबलवर, दोन्हीचा प्रोड्यूसर रिक हार्ट. १९८३ ला बँड बंद. म्हणजे पहिल्या डावात पूर्ण अल्बम असा हा एकच. पोस्ट-पंक म्हणजे काय असं तू विचारलंय, तर सोप्यात असं की १९७६-७७ ला पंकनं, म्हणजे ओबडधोबड, झटपट रॉकनं, सगळं मोडून टाकलं आणि नंतर आलेल्या पोरांनी त्या मोडतोडीचा आवाज तसाच ठेवून परत घर बांधायला घेतलं, कुणी डिस्कोचा ठेका घेतला, कुणी रेगे, ह्या लोकांनी चाल घेतली.

ईपी आणि अल्बम एकामागं एक ऐक, हा फुकटचा क्लास आहे. ईपी जास्त नीटनेटका आहे, गिटारचे थर एकावर एक रचलेत, कडा घासून गुळगुळीत. बँडचं म्हणणं होतं की आपण स्टेजवर जे वाजवतो ते हे नाही. म्हणून 'व्हर्सेस'मधे ते स्टेजच्या जवळ गेले, आवाज ओबडधोबड ठेवला, खोली ऐकू येऊ दिली. तरी चाल सुटली नाही. ते का, ते बघू.

आता तुमची फाईल. मी चार वेळा ऐकली. पहिलं कडवं बरं आहे हो, तिथं एकच गिटार आहे आणि बेसवाला जरा इकडं तिकडं फिरतो. कोरस सुरू झाला की काय होतं बघ: दोन्ही गिटार एकच कॉर्ड (काही सूर एकदम वाजवलेले), त्याच पट्टीवर, त्याच फ्रेटवर, दोघांचा गेन (अँपवर डिस्टॉर्शन वाढवायचं बटण) फुल. बेसवाला गिटारच्या मागं गाईच्या मागं वासरू जावं तसा त्याच सुरावर. ड्रमवाला हाय-हॅट (बारीक ठेका धरणारी झांजेची जोडी) सोडून क्रॅश सिम्बलवर (मोठ्या आवाजाची झांज) चढला आणि कोरस संपेपर्यंत उतरलाच नाही. आणि गाणारा ह्या सगळ्याच्या बरोबर मधे उभा राहून ओरडतोय. पाच माणसं एकाच दारातून एकाच वेळी आत घुसली तर कोण दिसणार? तिथं मिक्सरचे फेडर (आवाजाच्या दांड्या) वर-खाली करून काही होत नसतं. तुम्ही लेव्हलचा प्रॉब्लेम समजायलात, तो लेव्हलचा नाहीच. चाल कुणी धरायची हे तुम्ही ठरवलेलंच नाही, आणि ते मिक्सिंगला बसल्यावर ठरत नसतं, ते गाणं बसवतानाच ठरतं.

एक टेस्ट सांगतो. घरी किंवा शेजारी कुठंतरी हार्मोनियम असेलच, भजनी मंडळाची असली तरी चालेल. तुमचं गाणं एका बोटानं पेटीवर वाजवून बघा, शब्द नाही, कॉर्ड नाही, फक्त चाल. पेटीवर ते गाणं ओळखू आलं तर वर कितीबी गोंगाट टाका, काही होत नाही. नाही ओळखू आलं तर गोंगाट कमी करून पण उपयोग नाही, खाली काही नाहीच तर उघडं काय पडणार. मिशन ऑफ बर्माची गाणी ह्या परीक्षेत पास होतात, नसता मोबीसारख्या इलेक्ट्रॉनिकवाल्यानं १९९६ ला त्यांचं ईपीतलं रिव्हॉल्व्हरचं गाणं उचलून गायलं नसतं, आणि आर.ई.एम. ह्या अमेरिकन रॉक बँडनं त्यांच्या पहिल्या सिंगलमधलं गाणं स्टेजवर वाजवलं नसतं. कपडे बदलले तरी माणूस ओळखू येतो, तशी चाल पाहिजे. तुमच्या गाण्याची मी पेटीवर टेस्ट घेतली. कडवं पास. कोरस नापास, सगळा एकाच सुरावर आहे, फक्त जोरात आहे.

आता डिस्टॉर्शनचं गणित, हे जरा नीट समजून घे कारण हे कुणी सांगत नाही. डिस्टॉर्शन म्हणजे फक्त आवाज खरखरीत होणं नाही. दोन सूर एकाच वेळी त्याच्यातून गेले की तिसरा सूर तयार होतो, दोघांच्या वजाबाकीचा. सा आणि प वाजवलास, समज ११० आणि १६५ हर्ट्झ, तर वजाबाकी ५५, म्हणजे बरोबर खालच्या सप्तकातला सा. म्हणून पॉवर कॉर्ड, म्हणजे नुसता सा-प, डिस्टॉर्शनमधे एवढा भरदार लागतो, फुकटात खालचा सा मिळतो. आता सा आणि ग घे, २२० आणि गिटारवरचा ग म्हणजे २७७. वजाबाकी ५७ च्या वर काहीतरी. पाहिजे होते ५५, आणि ५८ ला तर कोमल रे येतो. म्हणजे तुझ्या कॉर्डच्या खाली एक बेवारस सूर लटकतोय जो धड सा पण नाही आणि धड रे पण नाही. गिटारचा ग मुळात शुद्ध गंधारापेक्षा जरा चढा असतो, साध्या आवाजात ते खपून जातं, डिस्टॉर्शनमधे उघडं पडतं. तुमच्या कोरसमधे दोन गिटारवर पूर्ण सहा तारांचे मेजर कॉर्ड आहेत, फुल गेनवर. म्हणजे असे बेवारस सूर किती झाले हिशोब कर. तो जो चिखल ऐकू यायलाय ना, तो हाच.

मग ग वाजवायचाच नाही का? वाजवायचा, पण दुसऱ्याच्या हातून. एका गिटारनं सा-प धरायचा, ग बेसनं नाहीतर गळ्यानं घ्यायचा, कारण ते वेगळ्या वाटेनं येतात, त्याच डिस्टॉर्शनच्या डब्यातून जात नाहीत. कॉर्ड पूर्ण होतो, पण हवेत होतो, पेडलमधे नाही. 'व्हर्सेस' मधे हे कानावर येतं, मिलरची गिटार बऱ्याच ठिकाणी मोकळ्या तारा घुमत ठेवते, एक सूर सोडतच नाही, तंबोऱ्यासारखा, आणि खाली बेस फिरतो. खालचा सूर बदलला की वरचा तोच घुमणारा सूर एकदम वेगळ्या रंगाचा वाटतो. 'आइन्स्टाइन्स डे' हे गाणं सावकाश आहे, त्याच्यात हे नीट कळेल. 'ट्रेम टू' मधे तर गिटार ट्रेमोलोतून येते, आवाज लाटेसारखा कमी-जास्त होतो, म्हणजे गोंगाटाला पण श्वास दिलाय, आणि गाणं त्या श्वासाच्या मधल्या जागेत बसलंय.

हे मला पुस्तकातनं कळलं नाही. मला हे एका गोंधळ्यानं शिकवलं. बारा-तेरा वर्षं झाली असतील, तुळजापूरकडची एक पार्टी स्टुडिओत आली, चौघं, संबळ, तुणतुणं, झांज आणि मुख्य गाणारा, साठीच्या पुढचा माणूस. मी नवीनच स्टुडिओ टाकलेला, डोक्यात हवा, प्रत्येकाला वेगळ्या कोपऱ्यात बसवलं, मधे गाद्या उभ्या केल्या, प्रत्येकाला वेगळा माईक. तुणतुण्याचा आवाज मला खराब वाटला, नुसती खणखण, तारेची घासाघीस, म्हणून ईक्यूवर (आवाजाचे पट्टे कमी-जास्त करायचं यंत्र) दोन ते पाच हजार हर्ट्झचा पट्टा चांगला दाबून टाकला. एकदम सभ्य झालं. म्हाताऱ्यानं हेडफोन लावला, दोन ओळी गायला आणि थांबला.

"साहेब, तुणतुणं कुठंय?"

"हे काय, वाजायलंय की."

"वाजायलंय, पण तुम्ही ह्याचं तोंड बांधलंय."

मी हसलो, म्हणलं फायनल मधे बघू. पण सहा टेक झाले तरी त्याचा सूर बसेना, वरच्या ठिकाणी हलकासा उतरायचा, आणि हा माणूस चाळीस वर्षं रात्र रात्र गात आलेला. मग वैतागून गाद्या काढल्या, चौघांना गोल बसवलं, मधे दोन माईक, ईक्यू सपाट. एका टेकमधे काम झालं. त्याला सूर पकडायला तीच खणखण लागत होती. ज्याला मी कचरा समजून झाडून टाकला त्याच्याच आधारानं तो गात होता.

तंबोऱ्याची जवारी म्हणजे तेच की. (आपल्याकडं जवारी म्हणलं की भाकरी आठवते, ही ती नव्हे.) घोडीवर तार आणि घोडीच्या मधे सूत सरकवून तार मुद्दाम घासू देतात, त्यातनं झुंई असा आवाज निघतो, आणि त्या झुंईत एका तारेचे दहा सूर उघडतात. म्हणजे आपल्या सगळ्यात शुद्ध समजल्या जाणाऱ्या गाण्याच्या मागं पण एक ठरवून केलेली खरखर बसलेली आहे. फक्त ती सुरात लावलेली असते. तुझ्या डिस्टॉर्शनची जवारी लावायची आहे, ते बंद नाही करायचं.

आणि अजून एक गोष्ट त्या टेकमधे नंतर लक्षात आली, संबळ एवढं कडक वाजत असताना म्हातारा ऐकू कसा यायचा. एक तर तो उंच पट्टीत गायचा, संबळाच्या बऱ्याच वर. आणि दुसरं म्हणजे तो संबळाच्या घावावर शब्द टाकतच नव्हता, घाव पडून गेला की लगेच मागनं. तुमचा गाणारा प्रत्येक शब्द स्नेअरच्या (ड्रममधला कडक वाजणारा) टोल्यावरच टाकतो, म्हणजे प्रत्येक शब्दाचं पहिलं अक्षर खलास. त्याला सांग, अर्धी मात्रा मागं सरक. माईक बदलण्यापेक्षा ह्यानं जास्त फरक पडेल आणि एक रुपया लागत नाही.

आता गेन. सगळ्यांचा गैरसमज असतो की जास्त गेन म्हणजे मोठा आवाज. खोलीत असतो, रेकॉर्डिंगमधे उलट होतं. गेन जितका जास्त तितका प्रत्येक टोला सारखाच, हळू वाजवलं काय आणि तोडून वाजवलं काय, आवाजाचा डोंगर कापून पठार होतं, आणि पठारावर काही उठून दिसत नाही. अँपचा गेन निम्म्यावर आण, व्हॉल्यूम वाढव, आणि तेच वाजवून दोनदा रेकॉर्ड कर, एक डाव्या बाजूला एक उजव्या. कॉपी-पेस्ट नाही हां, परत वाजवायचं, तो जो बारीक फरक पडतो त्यानंच रुंदी येते. तुमच्याकडं दोन गिटार आहेतच, मग दुसऱ्यानं तोच कॉर्ड वाजवायची काय गरज आहे, त्याला वरच्या दोन-तीन तारांवर ठेव, मोकळी तार घुमू दे, एखादा सूर वाजवून गप बस म्हण.

मिक्सिंगचं पटापट सांगतो, ह्यात काही जादू नाही. दोन्ही गिटारवर १०० हर्ट्झच्या आसपास हाय-पास (खालचे सूर कापणारी चाळणी) लाव, खालचं सगळं बेसला आणि किकला (पायानं वाजवायचा मोठा ड्रम) सोडून दे. गिटार एकटी ऐकली तर बारीक वाटेल, वाटू दे, एकटी कुणी ऐकणार नाही. गळ्याचे शब्द अडीच-तीन हजारात कळतात, आपला कान पण तिथंच सगळ्यात तिखट असतो, आणि गिटारची खरखर पण तिथंच दात काढून बसलेली असते, म्हणून गिटारमधनं तिथं तीन डेसिबल काढ. गळ्यात वाढवू नको, गिटारमधनं काढ. बेसला मात्र जरा घाण कर, थोडं डिस्टॉर्शन बेसवर टाक, म्हणजे सातशे-आठशेच्या आसपास त्याचं काहीतरी शिल्लक राहतं आणि मोबाईलवर पण बेसची चाल कळते, तुझ्यासारख्या ऐकणाऱ्यासाठी. क्रॅश सिम्बलचं मिक्समधे काहीच करता येत नाही, ते प्रत्येक माईकमधे घुसतं, तिथं ड्रमवाल्यालाच समजवायचं: कोरस सुरू होताना एकदा मार आणि परत हाय-हॅटवर ये. नाराज होईल. होऊ दे. आणि शेवटी सगळं मोनो, म्हणजे डावं-उजवं एकत्र, करून ऐक, मोनोमधे चाल ऐकू आली तरच बाकीच्या गप्पा.

हां, तुमच्या फाईलमधे सुरुवातीला बारीक गुंऽऽ आहे. लायटीचा हम आहे तो, ५० हर्ट्झ आणि त्याचा दुप्पट १००. आपल्याकडं अर्थिंगची बोंब, त्यात सिंगल कॉइल पिकअपची गिटार, हा पिकअप हम लगेच पकडतो. सगळं सामान एकाच बोर्डवर लाव, ट्यूबलाइट आणि फॅनचा रेग्युलेटर बंद कर, गिटार घेऊन खोलीत हळू गोल फिर, एका दिशेला हम कमी होतो, तिकडं तोंड करून वाजव. हा गोंगाट कामाचा नाही, हा कुणी ठरवून केलेला नाही.

स्वोपचं राहिलं. हा माणूस मिक्सरपाशी, प्रेक्षकांच्या मागं बसायचा, समोर रीलची टेप मशीन. बँड वाजवत असतानाच त्यांच्या आवाजाचा तुकडा टेपवर पकडायचा, उलटा करायचा, वेग बदलायचा, परत परत फिरवायचा आणि त्याच गाण्यात स्पीकरमधनं परत सोडायचा. स्टेजवर तीन माणसं, आवाज चौघांचा, आणि प्रेक्षकांना कळायचं नाही की हे भूत कुठून बोलायलंय. १९८० च्या आसपास, कॉम्प्युटर नसताना! मला ह्यातलं सगळ्यात काय आवडतं तर त्यानं बाहेरून गोंगाट आणला नाही. गाण्याचाच तुकडा घेऊन त्याचाच गोंगाट केला, म्हणून तो परका वाटत नाही, तो त्याच सुरातला असतो. तुम्ही कोरसच्या मागं जो कुठून तरी डाउनलोड केलेला पाऊस-विजेचा आवाज टाकलाय तो काढून टाका आणि स्वतःच्याच गाण्याची एक ओळ उलटी करून निम्म्या वेगावर तिथं ठेवून बघा. मोबाईलमधल्या फुकट अॅपमधे पण होतं आता ते. स्वोपला त्यासाठी हातानं टेप फिरवावी लागायची.

आता जे तू विचारलं नाहीस ते. बँड १९८३ ला बंद का झाला तर भांडणं नाही, पैसा नाही. मिलरच्या कानात आवाज यायला लागले, टिनिटस, आणि ते वाढत गेले. शेवटच्या शोंना तो कानात बोळे घालून वरून बंदुकीच्या रेंजवर घालतात तसले मोठे कानटोप घालून वाजवायचा. मग सोडलं आणि पियानोवाल्या, त्या मानानं शांत बँडकडं गेला, स्वोप पण त्याच्यासोबत. कॉन्ली पुढं बरीच वर्षं टीव्हीत काम करत होता. २००२ ला परत जमले तेव्हा ड्रमच्या भोवती पारदर्शक भिंत उभी केली, मिलरच्या कानासाठी, आणि टेपच्या जागी बॉब वेस्टन आला, मग पुढं चार अल्बम केले, २००४ ते २०१२ मधे. त्यातला २००६ चा 'द ऑब्लिटराटी' ऐकच. पण मधली एकोणीस वर्षं गेली ती गेली.

हे मी का सांगायलोय. विसर्जन मिरवणूक होती, मी मंडपवाल्याकडं शेवटचं वर्ष काम करत होतो, सहा तास बॉक्सच्या भिंतीपासनं दहा-बारा फुटांवर उभा, कानात काही नाही. त्या वेळी कानात कापूस घालणाऱ्याला आम्ही हसायचो. घरी आलो, आंघोळ केली, झोपलो, आणि खोलीत कुकरची शिट्टी लांब कुठंतरी वाजतीये असं वाटायलं. बायकोला म्हणलं गॅस बंद कर. ती म्हणली, गॅस कुठं चालूय. सकाळी पण शिट्टी चालूच. डॉक्टरनं कानाची टेस्ट केली आणि कागद दाखवला, डाव्या कानाची रेघ चार हजार हर्ट्झला खड्ड्यात गेलेली. कानाच्या आत बारीक केसांसारख्या पेशी असतात, त्या मेल्या की परत उगवत नाहीत. आज पण रात्री लाइट गेली, फॅन बंद झाला की ती शिट्टी ऐकू येते. मिक्स करताना डाव्या कानावर मी विश्वास ठेवत नाही, हेडफोन उलटा करून परत ऐकतो.

हिशोब असा आहे, ८५ डेसिबलला आठ तास चालतं, तिथनं दर तीन डेसिबलला वेळ निम्मा. ८८ ला चार तास, ९४ ला एक तास, १०० ला पंधरा मिनिटं. तुम्ही दहा बाय बाराच्या खोलीत शटर लावून ड्रम आणि दोन अँप वाजवायलात, शंभर सहज होत असेल, आणि तुम्ही म्हणायलात रोज तीन तास प्रॅक्टिस. मेडिकलमधे फोमचे बोळे मिळतात, चिमटीत दाबून, दुसऱ्या हातानं कान वर ओढून घालायचे, अर्धवट घातले तर काही उपयोग नाही. अँप जमिनीवर ठेवून गुडघ्याला आवाज ऐकवू नको, खुर्चीवर ठेव, तोंड स्वतःच्या कानाकडं कर, आपोआप तू व्हॉल्यूम कमी करशील. आणि आवाज कमी केला की खोलीत पहिल्यांदा तुम्हाला एकमेकांचं वाजवणं ऐकू येईल, तिथंच अर्धा कोरस सुधारतो, खरं सांगतो.

ट्रेमोलो पेडल घेऊ का म्हणून विचारलंय. आत्ता नको. आधी बेसवाल्याला एक आठवडा दे, कोरससाठी त्याची स्वतःची चाल बसवू दे, गिटारचा सूर सोडून. एका गिटारला सा-प, दुसरीला एक मोकळी तार, गाणारा अर्धी मात्रा मागं. क्रॅश एकदाच. दोन माईक लावून सगळे एकदम वाजवा, मोबाईलवर केलं तरी चालेल, फक्त मोबाईल ड्रमपासनं लांब आणि बेसच्या अँपच्या बाजूला ठेवा, आणि ती फाईल पाठवा. कडव्याला हात लावू नका, ते बरं आहे.